सीपॅप लावल्यावर हवा निसटते, तोंड उघडं पडतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन घरी येतं, पहिल्या काही रात्री कशाबशा जातात आणि मग तक्रारी सुरू होतात. कुणाच्या डोळ्यांवर वारा येतो, कुणाला मध्यरात्री फसफस आवाजाने जाग येते, कुणी सकाळी उठतं तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली असते. यावर बहुतेकांचा उपाय एकच असतो, पट्टे आवळणे. मास्क बसवून देण्याचं काम करणाऱ्या आम्हा मंडळींना दिवसभर तेच दिसतं: नाकाच्या हाडावर लाल वण, गालांवर पट्ट्यांचे वळ, आणि गळती होती तिथेच. खालची सगळी उत्तरं एकाच आग्रहातून लिहिली आहेत. हवा नेमकी कुठून जाते ते आधी शोधा, पट्ट्याला हात त्यानंतर लावा.

मास्कमधून सतत हवा बाहेर येते. मास्क खराब आहे का?

आधी हवा कुठून येते ते बघा. प्रत्येक सीपॅप मास्कला पुढच्या बाजूला किंवा नळीच्या कोपराजवळ बारीक छिद्रं असतात. तिथून हवा जायलाच हवी. तुम्ही सोडलेला श्वास, त्यातल्या कार्बन डायऑक्साइडसकट, त्याच वाटेने बाहेर पडतो. 10 सेंमी (पाण्याच्या दाबाचं माप) प्रेशरला मास्कच्या प्रकारानुसार या छिद्रांतून मिनिटाला साधारण 20 ते 40 लिटर हवा जाते. मशीन हा हिशेब धरूनच चालतं. ही छिद्रं बोटाने, चादरीने किंवा टेपने कधीही बंद करू नका. शेजारी झोपणाऱ्याला या झोताचा त्रास होत असेल, तर नळीचा कोपर दुसऱ्या बाजूला फिरवा किंवा झोत पसरवणारा मास्क मागा.

काळजी करायची ती कडेने निसटणाऱ्या हवेची: नाकाच्या मुळाशी, गालांजवळ, वरच्या ओठावर, हनुवटीखाली. आणि तोंडातून जाणाऱ्या हवेची.

गळती किती असली तर चालते?

रेसमेड कंपनीची मशीन्स छिद्रांतून मुद्दाम सोडलेली हवा वजा करून उरलेली गळती दाखवतात. तिथे 95 टक्के वेळ आकडा मिनिटाला 24 लिटरच्या आत असेल, तर उपचार नीट चालला आहे असं धरतात. फिलिप्सच्या रिपोर्टमध्ये छिद्रांची हवा धरून एकूण आकडा येतो, त्यामुळे तो मोठा दिसतो. तिथे ‘लार्ज लीक’मध्ये, म्हणजे मोठ्या गळतीत, किती वेळ गेला ते बघायचं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

माझं मत विचाराल तर आकड्याआधी झोपेकडे बघा. मास्क ठीक बसलाय म्हणून मशीन हसरा चेहरा दाखवतंय, पण त्या बारीक झोताने तुम्हाला रात्री चार वेळा जाग येत असेल, तर ती गळती तुमच्यासाठी मोठीच आहे. उलट आकडा अधूनमधून वर जातो, पण झोप सलग लागते, श्वास थांबण्याचं प्रमाण कमी आहे आणि सकाळी ताजंतवानं वाटतं, तर उगाच छेडछाड करू नका.

थोडी हवा गेली तर एवढं काय बिघडतं? मशीन जास्त हवा सोडून भरून काढतंच ना?

काही मर्यादेपर्यंत काढतं. पण गळती मोठी झाली की घशात जो दाब टिकायला हवा, तो टिकत नाही. घशाच्या भिंती पुन्हा आत येतात, घोरणं आणि श्वास थांबणं परत सुरू होतं. आपोआप प्रेशर बदलणाऱ्या मशीनची अडचण आणखी वेगळी आहे. ते तुमच्या श्वासाचा प्रवाह मोजून निर्णय घेतं. मोठ्या गळतीत तो प्रवाहच धूसर होतो, मग अडथळे नोंदले जात नाहीत किंवा चुकीचे नोंदले जातात. त्यामुळे गळती खूप असलेल्या रात्रीचा ‘सगळं छान’ सांगणारा रिपोर्टही पूर्ण विश्वासाचा नसतो.

मी झोपेत असताना हवा कडेने गेली की तोंडातून, हे कसं कळणार?

हे कळलं की निम्मं काम झालं. खुणा वेगवेगळ्या असतात.

तोंडातून हवा जात असेल तर सकाळी तोंड आणि घसा कोरडाठाक असतो, ओठ फाटतात, उशीवर लाळ दिसते. ह्युमिडिफायरचं, म्हणजे हवेला ओलावा देणाऱ्या भागाचं, पाण्याचं भांडं नेहमीपेक्षा लवकर रिकामं होतं, कारण निसटणारी हवा भरून काढायला मशीन जास्त हवा ढकलतं आणि ती पाणी घेऊन जाते. मास्कच्या कडेने जात असेल तर डोळे चुरचुरतात, एका ठरावीक जागी गार वारा लागतो, चेहऱ्याला टेकणारं मास्कचं मऊ कुशन फडफडल्याचा किंवा शिट्टीसारखा आवाज येतो.

गळतीचा आलेख बघता येत असेल तर तोही बोलका असतो. ऑस्कर नावाचं मोफत सॉफ्टवेअर अनेक मशीनच्या मेमरी कार्डावरची रात्रभराची नोंद उघडून दाखवतं. आलेखाची रेघ एकदम उभी वर चढली, काही मिनिटं सपाट पठारासारखी राहिली आणि तशीच झपकन खाली आली, तर बहुधा तोंड उघडलं आणि मिटलं. रेघ प्रेशरबरोबर हळूहळू चढत गेली, तर बहुधा मास्कची कड सैल आहे. ‘बहुधा’ अशासाठी की कूस बदलताना मास्क सरकला तरी रेघ उभी चढते. म्हणून सकाळची खूण आणि आलेख दोन्ही जुळवून बघायचे.

सर्वात सोपी तपासणी घरातल्या माणसाने करायची. तुम्ही गाढ झोपल्यावर त्यांनी हाताची पाठ ओठांसमोर, मग नाकाच्या मुळाशी, मग गालांजवळ धरायची. हाताच्या पाठीला बारीक झोतही चटकन जाणवतो. एकटे राहत असाल तर फोनवर रात्रीचा आवाज रेकॉर्ड करा. ओठांतून पुरपुर बाहेर पडणारी हवा आणि कुशनची शिट्टी यांतला फरक एकदा ऐकला की ओळखू येतो.

आणखी एक जागा लोक विसरतात. गळती चेहऱ्यापाशीच असेल असं नाही. पाण्याच्या भांड्याचं झाकण, त्याची रबरी कड, नळीची दोन्ही टोकं आणि नळीला गेलेली एखादी बारीक चीर, हेही तपासा.

तोंडातून हवा जाणं आणि तोंडाने श्वास घेणं एकच ना?

नाही, आणि उपाय निवडताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. पहिल्या प्रकारात नाक चालू असतं. मशीनची हवा नाकातून आत येते, पण जबडा सैल पडल्यामुळे ती घशातून वळून तोंडावाटे बाहेर जाते. दुसऱ्या प्रकारात नाक पुरेसं चालत नाही, म्हणून शरीर तोंडाने श्वास ओढतं. पहिल्याला जबड्याचा आधार पुरतो. दुसऱ्याला आधी नाकाचा इलाज हवा, आणि तो होईपर्यंत तोंड बंद करण्याच्या भानगडीत पडू नये.

मास्क नीट बसवायचा कसा?

बसून, आरशासमोर, मशीन बंद ठेवून बसवलेला मास्क रात्री टिकत नाही. आडवं झालं की गाल आणि जबडा वेगळ्या जागी जातात, आणि हवा भरली की कुशनचा आकार बदलतो.

म्हणून असं करा. चेहरा धुऊन कोरडा करा. रात्रीचं क्रीम लावायचं असेल तर मास्कची कड जिथे टेकते ती जागा सोडा. सगळे पट्टे सैल ठेवून मास्क घाला, अंथरुणावर झोपा, मशीन सुरू करा. रॅम्प, म्हणजे प्रेशर हळूहळू वाढवत नेणारी सोय, चालू असेल तर सुरुवातीचं प्रेशर फारच कमी असतं, त्या वेळी केलेली जुळवणी फसवते. मशीनमध्ये मास्क-फिटची सोय असेल तर ती वापरा, म्हणजे रात्रीच्या प्रेशरला तपासता येईल.

आता मुख्य भाग. मास्क पुढून धरून चेहऱ्यापासून जरासा उचला, कुशनमध्ये हवा भरू द्या आणि मग अलगद परत टेकवा. कुशनच्या आतल्या बाजूला सिलिकॉनची अगदी पातळ पापुद्र्यासारखी कड असते. हवा भरली की ती शिडासारखी फुगते आणि चेहऱ्याच्या उंचसखल भागावर पसरते. गळती थांबवते ती ही कड. पट्ट्यांचं काम मास्क जागेवर धरून ठेवण्याचं, दाबण्याचं नव्हे. त्यानंतर खालचे पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे ओढा, मग वरचे. एक-दोन बोटं पट्ट्याखाली सहज सरकली पाहिजेत. शेवटी डाव्या कुशीवर वळा, उजव्या कुशीवर वळा, आणि गळती लागली तर त्याच स्थितीत थोडं जुळवा.

एकदा जमलं की पट्ट्यांवर पेनाने खूण करा. धुतल्यावर परत शोधत बसावं लागत नाही.

पट्टे घट्ट केले की गळती वाढते, हे कसं?

जास्त ताणलं की ती पातळ कड चुरगळते, दुमडते, आणि घडीतून हवा निघते. मग आणखी आवळलं जातं. पट्टे अगदी करकचून बांधल्याशिवाय मास्क बसतच नसेल, तर माप चुकलेलं आहे किंवा कुशन जुनं झालं आहे. माप कंपनीच्या फिटिंग पट्टीने घ्या. सवयीने ‘मीडियम’ उचलू नका. एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीत स्मॉल ठरू शकतो. नाकाच्या मास्कमध्ये मोठं माप जास्त आरामाचं असेल असा समज आहे, पण बहुतेक वेळा नाकाला न दाबता बसेल असं लहानात लहान माप चांगली पकड देतं.

डोळ्यांत हवा जाते.

मास्क वर सरकलाय किंवा वरचे पट्टे खालच्यांपेक्षा सैल आहेत. मास्क किंचित खाली आणा. खालचे पट्टे जास्त आवळले तरी मास्कचा वरचा भाग चेहऱ्यापासून उचलला जातो, तेही बघा. तरीही थांबत नसेल तर नाकाच्या हाडावर न टेकणारा प्रकार निवडा: नाकपुड्यांना टेकणारे नेझल पिलोज किंवा नाकाखाली बसणारं कुशन. डोळे रोज लाल राहत असतील तर हा प्रश्न लांबवू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

दाढी-मिशी काढावीच लागेल का?

दाढीसाठी नाही. नेझल पिलोजना दाढीचा अडथळा होत नाही. जाड मिशी मात्र नाकाच्या मास्कची खालची कड उचलते. ती ओठाच्या वरच्या भागात बारीक ठेवली तरी पुष्कळदा भागतं. दोन दिवसांचे खुंट पूर्ण वाढलेल्या मऊ दाढीपेक्षा जास्त त्रास देतात, कारण ते सिलिकॉनला टोचून वर धरतात.

रात्री कवळी काढून ठेवतो. त्याचा संबंध आहे का?

आहे. कवळी काढली की गाल आणि ओठ आत जातात, चेहऱ्याचा खालचा भाग आखूड होतो, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या फुल फेस मास्कची खालची कड अधांतरी राहते. मास्कचं माप कवळीशिवाय घ्या. कवळी लावून झोपायचं का, हे दातांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, कारण हिरड्यांना विश्रांती लागते.

रात्री झोपताना सगळं ठीक असतं, गळती पहाटेच होते. का?

यामागे तीन-चार गोष्टी एकत्र असतात. त्वचेवर रात्रभरात तेल आणि घाम साचतो, कड घसरते. ऑटो मशीन असेल तर पहाटेपर्यंत प्रेशर वर गेलेलं असू शकतं. आणि स्वप्नांची झोप, म्हणजे रेम झोप, रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते. त्या अवस्थेत शरीराचे स्नायू जवळजवळ पूर्ण सैल पडतात, जबड्याचेही. तोंड उघडतं ते बरेचदा तेव्हाच. शिवाय पाठीवर झोपलं की श्वासाचे अडथळे वाढतात, मशीन प्रेशर वाढवतं आणि गळतीही वाढते. कुशीवर झोपण्याची सवय लागली तर यातला बराचसा त्रास एकदम हलका होतो.

कूस बदलताना मास्क ओढला जात असेल तर दोष नळीचा आहे. ती डोक्यावरून आणा, खाटेच्या मागच्या बाजूला अडकवा आणि वळायला पुरेल इतकी ढील ठेवा. उशी मास्कला ढकलत असेल तर चेहरा उशीच्या कडेबाहेर राहील असं झोपा. कडेला खाच असलेल्या सीपॅप उशा मिळतात. त्या उपयोगी आहेत, पण आधी घरातली पातळ उशी वापरून बघा.

माझं तोंड उघडतंच का?

किती जणांचं तोंड नाकामुळे उघडतं, याचा नेमका आकडा मी सांगणार नाही. पण तोंड उघडतं अशी तक्रार घेऊन कुणी समोर बसलं की मी पहिल्यांदा नाकाबद्दल विचारते. दिवसा जागेपणी तोंड मिटून, एक नाकपुडी बोटाने अलगद बंद करून दुसरीने श्वास घ्या. मग दुसरी बाजू. पाच मिनिटं शांत बसून फक्त नाकाने श्वास घेता येतो का तेही बघा. जागेपणी येत नसेल तर झोपेत यायची आशा करू नका. नाकाचा पडदा वाकडा असणं, आतले मांसल भाग सुजलेले असणं, ॲलर्जी, पॉलिप (नाकात वाढणारी मऊ गाठ), ही नेहमीची कारणं आहेत. त्यांचा इलाज कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे आहे, मास्कच्या दुकानात नाही.

इथे एक दुष्टचक्र आहे. तोंड उघडलं की हवा एकाच दिशेने वाहते: नाकातून आत, तोंडातून बाहेर. एरवी श्वास सोडताना नाकाच्या अस्तराला ओलावा आणि ऊब परत मिळते. आता ती मिळत नाही. अस्तर सुकतं, सुजतं, नाक आणखी चोंदतं, आणि तोंड आणखी उघडतं. झोपताना मोकळं असलेलं नाक मध्यरात्री बंद होतं, त्याचं कारण अनेकदा हेच असतं.

नाक मोकळं असूनही तोंड उघडत असेल तर प्रेशर गरजेपेक्षा जास्त असणं, झोपण्याआधी घेतलेलं मद्य किंवा झोपेच्या गोळ्या, आणि पाठीवर झोपून जबडा मागे पडणं, याकडे बघायचं.

नाक मोकळं ठेवायला घरी काय करता येईल?

झोपण्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुणं हा साधा आणि चांगला उपाय आहे. पण पाणी निर्जंतुक किंवा डिस्टिल्ड असलं पाहिजे, नाहीतर किमान एक मिनिट खळखळ उकळून थंड केलेलं. नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नका. त्यातून क्वचित, पण जिवावर बेतणारा मेंदूचा संसर्ग होऊ शकतो.

ॲलर्जी असेल तर डॉक्टर स्टेरॉइडचा स्प्रे देतात. तो पहिल्या रात्री चमत्कार करत नाही. काही दिवस ते दोन आठवडे नियमित वापरल्यावर पूर्ण फरक दिसतो. मान किंचित पुढे झुकवून, स्प्रेचं तोंड मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला, म्हणजे कानाच्या दिशेने करायचं.

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब क्षणात नाक उघडतात, आणि म्हणूनच घात करतात. तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की औषध उतरताच नाक पहिल्यापेक्षा जास्त बंद होतं, मग थेंबांशिवाय झोपच लागत नाही. सीपॅपसाठी रोज रात्री हे थेंब घालत असाल तर आजच डॉक्टरांशी बोला.

ह्युमिडिफायर किती ठेवू?

नाक कोरडं किंवा चोंदलेलं वाटत असेल तर एक पायरी वाढवा, दोन-तीन रात्री बघा, मग पुढची. नळीत पाणी साचून गुडगुड आवाज आला किंवा चेहऱ्यावर थेंब आले तर ओलावा एक पायरी कमी करा, नळी पांघरुणाखालून घ्या, किंवा गरम होणारी नळी वापरा. मशीन नेहमी डोक्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवा. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या: तोंडातून मोठी गळती असताना ह्युमिडिफायर कितीही वाढवला तरी तोंड कोरडं पडणारच.

सरळ फुल फेस मास्कच घेऊ का? तोंड उघडलं तरी चालेल.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर सहसा ‘थांबा, आधी नाक बघू’ असं असतं.

फुल फेस मास्कमध्ये तोंड झाकलं जातं, म्हणून हवा बाहेर निसटत नाही. पण त्याची कड लांब असते आणि हनुवटीवर, म्हणजे चेहऱ्याच्या सर्वात जास्त हलणाऱ्या भागावर टेकते. जबडा खाली पडला की तिथून गळती सुरू. पट्टे आवळले की मास्क जबडा मागे ढकलतो, जिभेचा मागचा भाग घशाकडे सरकतो, आणि जो अडथळा काढायचा तोच वाढतो. शिवाय तोंड उघडं असताना तोंडातला आणि नाकामागचा दाब सारखा होतो, त्यामुळे जीभ आणि पडजिभेकडचा मऊ भाग पुढे ढकलला जाण्याचा फायदा कमी होतो. म्हणूनच या मास्कने अनेकांना जास्त प्रेशर लागतं आणि मास्क रोज वापरणं टिकत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही नाकाच्या किंवा नाकपुड्यांच्या मास्कला पसंती दिली आहे.

याचा अर्थ तो वाईट आहे असा नाही. नाक कायमचं अडलेलं असेल, ऑपरेशन शक्य नसेल, किंवा बाकी सगळं करून तोंड मिटत नसेल, तर तोच योग्य मास्क आहे आणि तो बिनधास्त वापरा. नाकाच्या हाडावर न चढणारा, नाकाखाली बसून तोंड झाकणारा हायब्रिड प्रकारही आहे. मास्कचा प्रकार बदलला की मशीनच्या सेटिंगमध्ये तो बदलायला विसरू नका, आणि पुढच्या काही रात्रींचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, कारण प्रेशरची गरज बदललेली असू शकते.

हनुवटीचा पट्टा कामाचा आहे का?

काहींना आहे. तो जबडा वर धरतो, ओठ मिटवत नाही. नाक मोकळं आहे, जबडा सैल पडतो, एवढ्याच माणसासाठी तो आहे. पट्टा हनुवटीखालून सरळ वर डोक्याकडे जाणारा घ्या. हनुवटीच्या पुढून मानेमागे जाणारा पट्टा जबडा मागे ओढतो. हनुवटी छातीकडे झुकत असेल तर गळ्याभोवतीची मऊ कॉलर काहींना जास्त बरी पडते. जबड्याच्या सांध्यात दुखणं असेल तर आधी विचारा.

तोंडावर टेप लावू का? व्हिडिओंमध्ये सगळे लावतात.

स्वतःहून नको. नाकाचा मास्क लावला असताना वीज गेली, नळी सुटली किंवा नाक अचानक बंद झालं, तर तोंड हा श्वासाचा दुसरा रस्ता असतो. टेप तोच रस्ता अडवते. रात्री उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. फुल फेस मास्कच्या आत टेप लावायची नाही, कारण त्या मास्कमधली वीज गेल्यावर उघडणारी सुरक्षा झडप तोंड मोकळं आहे हे धरूनच बसवलेली असते. नाक चोंदलेलं, ॲसिडिटी किंवा मळमळीचा त्रास, मद्य, झोपेची औषधं, फिट्स, स्वतःच्या हाताने टेप काढता न येणं, यांपैकी काहीही असेल तर हा विषय सोडून द्या. लहान मुलांना कधीच नाही. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली तरच, आणि तीसुद्धा त्वचेसाठीची सौम्य टेप.

ओठ मिटलेले असतात, पण गाल फुगतात आणि पुरपुर हवा सुटते.

जीभ खाली पडल्यामुळे हवा तोंडाच्या पोकळीत शिरते. झोपताना जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे ठेवून पूर्ण जीभ टाळूला हलकेच चिकटवा, जणू काही गिळल्यावर ती तिथेच राहिली आहे. दिवसाही आठवण येईल तेव्हा हीच सवय करा. काहींना यानेच भागतं.

पोट फुगतं, सकाळी ढेकर येतात. गळतीशी संबंध आहे का?

कधीकधी. प्रेशर जास्त असलं की हवा अन्ननलिकेतही जाते, आणि तोंड सक्तीने बंद केल्यावर हा त्रास वाढू शकतो. डोकं थोडं उंच ठेवा, रात्री पोट भरून लगेच झोपू नका. त्रास रोजचा असेल तर प्रेशर तपासून घ्या.

प्रेशर मीच कमी केलं तर?

गळती कमी होईल आणि कदाचित उपचारही. साधारण मशीन 4 ते 20 सेंमी पाण्याच्या दाबात चालतात, आणि तुमचा आकडा तपासणीवरून ठरलेला असतो. रॅम्पची वेळ किंवा श्वास सोडताना दाब थोडा उतरवणारी सोय बदलून बघायला डॉक्टर सहसा हरकत घेत नाहीत, मुख्य प्रेशर मात्र त्यांच्याकडूनच बदलून घ्या. वजन बरंच उतरलं किंवा वाढलं असेल तर ते आवर्जून सांगा. प्रेशरही बदलू शकतं आणि मास्कचं मापही.

कुशन किती दिवस चालतं?

रोज सकाळी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने कुशन पुसा किंवा धुवा, पट्टे आठवड्याला धुवा, सावलीत वाळवा. स्पिरिट, ब्लीच, वासाचे साबण नकोत, सिलिकॉन खराब होतं. ती पातळ कड पिवळी, चिकट किंवा सैल झाली, आधीची पकड राहिली नाही, तर बदला. काही महिन्यांत ही वेळ येते. पट्टे ताणून शेवटच्या खुणेपर्यंत गेले असतील तर दोष कुशनचा नाही, पट्ट्यांचा आहे. कडेला कापडी लाइनर लावल्याने घाम टिपला जातो आणि वळ कमी उठतात. पेट्रोलियम जेली मात्र लावू नका.

मास्कच्या क्लिपमध्ये चुंबक आहे. धोका आहे का?

तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर, डिफिब्रिलेटर, मेंदूतली धातूची क्लिप, कॉक्लियर इम्प्लांट असं काही असेल तर चुंबक नसलेला मास्क मागा. असे मास्क सहज मिळतात.

सर्दी झाली आहे. मशीन बंद ठेवू?

नाकाने थोडाफार श्वास येत असेल तर ओलावा वाढवून चालू ठेवा. पूर्ण बंद असेल तर फुल फेस मास्क त्या चार-सहा दिवसांसाठी हाताशी असलेला बरा. तोही नसेल तर एक-दोन रात्री उंच उशी घेऊन कुशीवर झोपा, आणि नाक उघडताच परत लावा. कानात दडा बसला, कान दुखला, ताप आला किंवा नाकातून रक्त आलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रेटू नका.

एवढं करूनही जमत नाही. आता?

ही अडचण उपचाराइतकीच जुनी आहे. 1981 साली सिडनीत कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी पाच रुग्णांवर हा उपचार पहिल्यांदा करून दाखवला, तेव्हा हवा निसटू नये म्हणून नाकाभोवती सिलिकॉनचा लेप लावून ती बंद करावी लागली होती. आज मास्कचे कितीतरी आकार आहेत, तेव्हा एका मास्कवर अडून बसू नका.

दोन आठवडे नीट प्रयत्न करूनही गळती तशीच असेल, घोरणं परत आलं असेल, किंवा दिवसा झोप अनावर होत असेल तर अपॉइंटमेंट घ्या. गाडी चालवताना डुलकी येत असेल तर तोपर्यंत गाडी चालवू नका. जाताना मशीनचं मेमरी कार्ड, तुमचा मास्क पट्ट्यांसकट, आणि पट्टे ज्या खुणेवर असतात तसेच ठेवून न्या. मास्क घालून त्याच खोलीत आडवे व्हा आणि तुमच्या रात्रीच्या प्रेशरला मशीन चालू करायला सांगा. गळती कुठे आहे ते तिथल्या तिथे दोघांनाही दिसेल.